शाळेतील प्रार्थना आणि न्यायालय : अमेरिकेतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचाराचे एक स्थित्यंतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धर्म आणि शासनसंस्था यांच्या संबंधांविषयीचे वाद कायदेमंडळापेक्षा न्यायालयातच अधिक लढविले जातात. १७९१ साली संमत झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीत या विषयावर दोन कलमे एकाच वाक्यात गुंफलेली आहेत. कायदेमंडळाने कोणत्याही धर्माला राजमान्यता देऊ नये, हे पहिले. आणि धर्माच्या मुक्त आचरणास प्रतिबंध करू नये, हे दुसरे. ही दोन्ही बंधने परस्परपूरक आहेत असे वरवर पाहता वाटते. परंतु सरकारी शाळेतील शिक्षकाने वर्गात प्रार्थना म्हटली तर तो मुक्त आचरण करीत असतो की शासनाच्या वतीने धर्माचा पुरस्कार करीत असतो, असा प्रश्न उपस्थित झाला की ती एकमेकांशी भिडतात. गेली सहा-सात दशके परंपरानिष्ठ ख्रिस्ती पंथांचा सार्वजनिक जीवनातील लढा मुख्यतः याच सांध्यावर चालू आहे.

या पंथांचे म्हणणे समजून घेताना एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. धर्म आणि शासन यांत भिंत असावी ही कल्पना निधर्मी मंडळींनी ख्रिस्ती समाजावर लादली, असे आज पुष्कळदा सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६४४ सालीच धर्मसंस्थेची बाग आणि जगाचे रान यांच्यामधील कुंपणाचे रूपक योजिले होते, आणि त्याची चिंता शासनाची नसून बागेची होती. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल पंथाला राजमान्यता असताना डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळींनी १८०१ साली राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे आपले गाऱ्हाणे मांडले, आणि १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफर्सन यांनी ‘विभाजक भिंत’ हा शब्दप्रयोग केला. राजमान्य धर्माचा जाच ज्यांनी सोसला, त्या श्रद्धाळू अल्पसंख्याकांनाच या भिंतीची प्रथम गरज भासली.

विसाव्या शतकातही नागरी स्वातंत्र्याचे पहिले महत्त्वाचे धार्मिक खटले लढविले ते एका कर्मठ पंथाने. राष्ट्रध्वजाला वंदन करणे हे मूर्तिपूजेसमान मानणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची मुले शाळेतून काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९४० साली त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९४३ च्या बार्नेट खटल्यात, तो फिरविला. १९२० साली स्थापन झालेली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संस्था त्या वेळी या पंथाच्या बाजूने उभी होती. याच निर्णयाचा आधार पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली घेतला. केरळातील त्याच पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणे घटनाबाह्य ठरविण्यात आले.

खरे वादळ उठले ते १९६२ साली. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने सरकारी शाळांसाठी बावीस शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती. तीत ईश्वरावरील अवलंबित्व मान्य करून स्वतःसाठी, आईवडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि देशासाठी कृपेची याचना होती. कोणत्याही पंथाचे नाव नव्हते, आणि ज्यांना ती म्हणावयाची नसेल त्यांना मोकळीक होती. काही पालकांनी स्थानिक नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या साह्याने दावा लावला. एंगल विरुद्ध व्हायटेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सहा विरुद्ध एक अशा मताधिक्याने न्यायालयाने ती प्रार्थना रद्द ठरविली. न्यायमूर्ती ब्लॅक यांच्या विवेचनाचा गाभा असा की, सक्ती असो वा नसो, प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे. पुढील वर्षी, १९६३ साली, पेन्सिल्व्हेनियातील शाळांत दररोज बायबलमधील दहा वचने वाचण्याचा नियमही आठ विरुद्ध एक मतांनी गेला. त्याच निर्णयात न्यायमूर्ती क्लार्क यांनी बायबलचा वाङ्मय व इतिहास म्हणून अभ्यास करण्यास हरकत नाही असे स्पष्ट म्हटले होते. पण गदारोळात ते वाक्य फारसे कोणी ऐकले नाही.

दिवसाचा आरंभच प्रार्थनेने करणाऱ्या शाळांत शिकलेल्या मराठी वाचकाला हा वाद काहीसा अनाकलनीय वाटण्याचा संभव आहे. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणास मनाई केली आहे; परंतु मान्यताप्राप्त व अनुदानित संस्थांत धार्मिक उपासनेला पालकाच्या संमतीची अट घालून ती चालू राहण्यास वाव ठेवला आहे. भारतात जी संमती पुरेशी मानली गेली, ती अमेरिकन न्यायालयाने अपुरी ठरविली. वर्गातील सर्व मुले मान लववून उभी असताना सात वर्षांच्या मुलाने एकट्याने बाहेर जाणे याला मोकळीक म्हणावे काय, हा त्यामागील प्रश्न होता, आणि तो मुळीच क्षुल्लक नाही.

या निर्णयांवर परंपरानिष्ठ ख्रिस्ती समाजाची पहिली प्रतिक्रिया मात्र एकमुखी नव्हती. बिली ग्रॅहॅम आणि कार्डिनल स्पेलमन यांनी तीव्र नापसंती दर्शविली. उलट बॅप्टिस्ट परंपरेतील अनेकांना सरकारी समितीने लिहिलेली, ख्रिस्ताच्या नावाविना असलेली प्रार्थना ही प्रार्थनाच वाटत नव्हती. दक्षिणी बॅप्टिस्ट अधिवेशनाने १९६४ साली पहिल्या घटनादुरुस्तीच्या शब्दांत बदल न करण्याच्या बाजूने ठराव केला. १९६५ साली व्हर्जिनियातील तरुण धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी तर धर्मोपदेशकाचे काम राजकारण करणे नव्हे, असे प्रवचनातून सांगितले. त्यांचा रोख वर्णभेदविरोधी मोर्चांत सामील होणाऱ्या पाद्रींवर होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग १९७९ साली याच फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना का उभारली? १९७३ चा गर्भपातविषयक निर्णय हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांची करमाफी काढून घेण्याचे धोरण केंद्र शासनाने सत्तरीच्या दशकात स्वीकारले, आणि बॉब जोन्स विद्यापीठाचा खटला १९८३ साली आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठाच्या विरोधात गेला. काही इतिहासकार या करमाफीच्या प्रश्नालाच अधिक महत्त्व देतात. शासन आपल्या वाटेला जात नाही तोवर भिंत हवी, आणि ते आपल्या संस्थांत हात घालू लागले की भिंत एकतर्फी वाटू लागते, असा हा अनुभव होता. दक्षिणी बॅप्टिस्ट अधिवेशनाने १९८२ साली शालेय प्रार्थनेसाठीच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला. अठरा वर्षांपूर्वीच्या भूमिकेच्या हे नेमके उलट होते. १९८४ साली सिनेटमध्ये त्या दुरुस्तीच्या बाजूने ५६ व विरुद्ध ४४ मते पडली आणि दोन-तृतीयांशांच्या अटीमुळे ती फेटाळली गेली.

घटना बदलता येत नाही हे कळल्यावर वकिलांनी दुसरी वाट शोधली, आणि वैचारिक दृष्ट्या हाच या इतिहासातील सर्वांत रंजक टप्पा होय. मिसूरी विद्यापीठाने धार्मिक विद्यार्थीमंडळास सभेसाठी जागा नाकारली होती. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की इतर मंडळांना जी जागा मिळते ती धार्मिक मंडळासही मिळाली पाहिजे, कारण प्रश्न भाषणस्वातंत्र्याचा आहे. या एका सूत्राने सारा युक्तिवाद पालटला. आम्हाला विशेष स्थान द्या, ही मागणी मागे पडली. आम्हाला वगळू नका, ही पुढे आली. बहुसंख्याकांची भाषा सोडून अल्पसंख्याकांची भाषा स्वीकारली गेली. पॅट रॉबर्टसन यांनी १९९० साली अमेरिकन सेंटर फॉर लॉ अँड जस्टिस ही संस्था काढली, तिचे आद्याक्षरी नावही जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी एका अक्षराचेच अंतर ठेवणारे होते. तिच्या वकिलांनी १९९३ चा लॅम्ब्ज चॅपल खटला एकमताने जिंकला.

त्याच वर्षी एक अनपेक्षित मैत्रीही घडली. धार्मिक विधीत पेयोटे हे मादक निवडुंग सेवन केल्याबद्दल नोकरी गमावलेल्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या दोन सभासदांना बेकारभत्ता नाकारणे १९९० साली वैध ठरले होते. सर्वांना सारखाच लागू असलेला कायदा धर्माचरणाच्या आड आला तरी तो वैध, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिले. स्कॅलिया स्वतः परंपरानिष्ठ कॅथलिक. तरी त्यांच्या या निर्णयाने धर्मनिष्ठ मंडळीच धास्तावली. इव्हँजेलिकल संघटना आणि सिव्हिल लिबर्टीज युनियन यांनी एकत्र येऊन १९९३ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत करून घेतला. सिनेटमध्ये विरुद्ध मते अवघी तीन होती. एकवीस वर्षांनी, २०१४ साली, याच कायद्याचा आधार घेऊन हॉबी लॉबी या दुकानसाखळीच्या मालकांनी कर्मचाऱ्यांच्या विम्यातील काही संततिनियमन साधनांचा खर्च नाकारला, तेव्हा जुने मित्र न्यायालयात समोरासमोर उभे होते. श्रद्धावंताला कायद्यातून सूट देताना तिचा भार तिसऱ्याच माणसावर पडला तर काय, या मुद्द्यावर ती मैत्री तुटली.

२०२२ साली ब्रेमर्टन येथील शालेय फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर केलेली प्रार्थना सहा विरुद्ध तीन मतांनी संरक्षित ठरली. बहुमताने ती वैयक्तिक व शांत प्रार्थना मानली. मतभेद नोंदविणाऱ्या न्यायमूर्तींनी खेळाडूंच्या घोळक्याचे छायाचित्रच आपल्या मतपत्रात छापले. १९६२ चा निर्णय रद्द झालेला नाही, पण त्याची धार बोथट झाली आहे. २०२४ साली लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध दावा लावणाऱ्या पालकांत ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते.

ओक्लाहोमातील प्रसंग याहून बोलका आहे. सरकारी पैशावर चालणारी कॅथलिक चार्टर शाळा काढण्यास त्या राज्यातील एका मंडळाने मान्यता दिली होती. तिला विरोध केला तो राज्याच्या रिपब्लिकन महान्यायअभिकर्त्यानेच. आज हे दार उघडले तर उद्या प्रत्येक धर्माला ते उघडावे लागेल आणि करदात्याला आपल्याला न पटणाऱ्या धर्मशिक्षणाचा खर्च सोसावा लागेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. एक न्यायमूर्ती बाजूला राहिल्याने मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मते चार विरुद्ध चार अशी विभागली गेली. त्यामुळे शाळेच्या विरोधातील राज्य न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. देशाला बंधनकारक असा कोणताही पायंडा मात्र त्यातून पडला नाही.