तंतुकणिकांतील डीएनए आणि मनोविकार : पुराव्याचा विचार

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. परंतु विश्रांत अवस्थेत शरीर जो ऑक्सिजन वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. मज्जापेशींना ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, पुरवितात. ह्या कणिकांना पेशीकेंद्रातील डीएनएहून वेगळा, स्वतःचा डीएनए असतो. त्याचा संपूर्ण क्रम केंब्रिज येथील संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केला : क्षारक-जोड्या १६,५६९, जनुके ३७. अपत्यास तो मातेकडून मिळतो. साहजिकच, मनोविकाराशी त्याचा संबंध शोधू पाहणारा अभ्यासक प्रथम मातृवंशाकडे वळतो. आणि नेमका येथेच घोटाळा संभवतो.

कारण तंतुकणिकांची बहुसंख्य प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांवरून घडतात. त्यांतील ‘पोल-जी’ हे जनुक तंतुकणिकांतील डीएनएच्या प्रती काढणारे एंझाइम घडविते. ते सदोष असल्यास डीएनएचे तुकडे गळालेल्या प्रती आयुष्यभर साठत जातात. दोष दिसतो तंतुकणिकेत. वारसा मात्र मेंडेलच्या नियमांनी, प्रसंगी पित्याकडूनही, येतो. शिवाय एका पेशीत ह्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात व सदोष प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेल्यावाचून पेशीचे कार्य सहसा ढासळत नाही. ‘दोष आढळला’ एवढ्याने म्हणूनच काहीच सिद्ध होत नाही. तो किती व कोठे, हे सांगावे लागते.

उन्माद व अवसाद आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवीय विकाराचे उदाहरण बोलके आहे. अशा मृत रुग्णांच्या मेंदूत ४,९७७ क्षारक-जोड्यांचा लोप अधिक आढळतो, असे जपानमधील तादाफुमी कातो व सहकाऱ्यांनी १९९७ साली नोंदविले. पुढील तपासण्यांत मात्र ही वाढ दिसून आली नाही. असे लोप वयानुसार निरोगी मेंदूतही वाढतात. मृत्यूपूर्वी रुग्ण दीर्घकाळ अत्यवस्थ असला, तर मेंदूतील आम्लता वाढून तंतुकणिकांशी संबंधित जनुकांचे कार्यही बदलते. औषधांचा परिणाम निराळाच. शवविच्छेदनातून मिळालेल्या पुराव्याची ही मर्यादा मोठी आहे, आणि ती पुष्कळदा तळटीपेत ढकलली जाते.

ह्याच गटाने मग दुसरी वाट धरली. केवळ मज्जापेशींत ‘पोल-जी’ सदोष केलेल्या उंदरांच्या मेंदूत लोप साठले व चाक फिरविण्याचा त्यांचा दैनिक ताल बिघडला. लिथियमने त्यात सुधारणा झाली. हे वृत्त २००६ सालचे. २०१६ साली त्यांनी दाखविले की, सदोष डीएनए थॅलॅमसच्या एका लहानशा केंद्रात विशेष साठतो, आणि त्या केंद्राकडून जाणारे संदेश रोखल्यास निर्दोष उंदरांतही मंदपणाचे झटके येतात. कार्यकारणाच्या दृष्टीने हा पुरावा अधिक सबळ होय. अर्थात चाकाचे फेरे मोजता येतात, उंदराचा विषाद मोजता येत नाही. शिवाय ह्यावरून बहुसंख्य रुग्णांचा विकार ह्याच कारणाने होतो, असे ठरत नाही.

चिकित्सालयात मात्र ह्या अल्पसंख्य रुग्णांचा प्रश्न तातडीचा आहे. मनोविकाराबरोबर पापण्या लोंबणे, बहिरेपणा, स्नायुदौर्बल्य किंवा अपस्मार असल्यास तंतुकणिकांच्या रोगाची शंका घ्यावयास हवी. उन्मादावर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध ‘पोल-जी’ सदोष असलेल्या रुग्णात यकृत निकामी करून प्राणघातक ठरू शकते.