सोनमासे आणि पाणवनस्पती : एक जमाखर्च



या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय ऐकत आला आहात. त्या ठिकाणी काचेच्या टाकीतील सोनमासे आणि त्यांच्या भोवतालचे हिरवे गवत हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, हा काहींना पोरखेळ वाटेल. परंतु हौस माणसाची असते आणि तिची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते. अशी एक किंमत आमच्या घरी मोजली गेली आहे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय तो तेवढाच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी होती. वरची चार बोटे रिकामी ठेवली म्हणजे तीत सुमारे १६० लिटर पाणी राही. मासे होते आठ. पाण्यात हवा सोडणारा एक लहानसा पंपही होता. पण त्याची घरघर रात्री घरातील वडीलधाऱ्यांना सोसेना. मासे विकणाऱ्या गृहस्थांनी तोड सुचविली, "टाकी झाडांनी भरून टाका. झाडे प्राणवायू देतात. मग पंप हवा कशाला?" सल्ला शाळेत शिकलेल्या शास्त्राला धरून वाटला. आम्ही हॉर्नवर्ट नावाची झुपकेदार पाणवनस्पती टोपलीभर आणून टाकीत सोडली आणि पंप माळ्यावर ठेवून दिला. दुपारी पानापानांवर मोत्यासारखे बुडबुडे चमकू लागले. शेजारीपाजारी पाहून गेले. चैत्र सरत आला होता, उकाडा वाढला होता. चौथ्या दिवशी पहाटे उठून पाहतो तो मासे पाण्यावर तोंडे काढून हपापल्यासारखे हवा गिळत होते, आणि तीन उताणे तरंगत होते.

वनस्पती जर प्राणवायू देते, तर तिच्याच गर्दीत मासे गुदमरले कसे?

या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांहून अधिक जुने आहे. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली यांनी दाखविले की, मेणबत्ती जळून दूषित झालेली हवा पुदिन्याचे रोप शुद्ध करते. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस यांनी या शोधाला एक मोलाची पुरवणी जोडली. वनस्पती हे काम उजेडातच करते. अंधारात तीही आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. श्वसन चोवीस तास चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाची मिळकत श्वसनाच्या खर्चाहून मोठी, म्हणून शिल्लक उरते. रात्री मिळकत बंद आणि खर्च मात्र चालू.

आता टाकीतील रात्र डोळ्यांपुढे आणा. मासे श्वास घेत आहेत, वनस्पती घेत आहे, वाळूतील असंख्य सूक्ष्म जंतूही घेत आहेत. शिवाय पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना साडेसातच. उलट उन्हाळ्यात माशाची प्राणवायूची भूक वाढते. मिळकत घटावी आणि त्याच वेळी घरात पाहुणे वाढावेत, तशी ही अवस्था. तूट सर्वांत मोठी होते ती सूर्योदयाच्या आधी, आणि आमचे मासे गेले ते त्याच वेळी. दुपारचे मोती खरे होते. पण बुडबुडा वर येऊन फुटला की तो हवेत गेला, रात्रीसाठी तो पाण्यात साठत नाही. पंपाचे खरे काम पाणी हलवून त्याचा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा हवेला भिडविण्याचे आहे. निमुळत्या तोंडाचे गोल भांडे दिसायला सुरेख, पण माशाला वाईट, त्याचे एक कारण हेच. त्यात पाणी थोडे आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग त्याहून थोडा.

मग वनस्पती लावूच नये काय? अवश्य लावावी, परंतु निराळ्या कारणासाठी. त्यासाठी जमाखर्चाचे दुसरे पान उघडले पाहिजे. ते प्राणवायूचे नसून नत्राचे आहे.

मासा जे खातो त्यातील प्रथिनांचा नत्र अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात येतो. अमोनिया माशाला विषारी आहे, आणि पाणी जितके ऊन व अल्कधर्मी तितका तो अधिक घातक. वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे काही जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते. नव्या टाकीत या जंतूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौसेने शनिवारी टाकी आणावी, रविवारी मासे सोडावेत आणि पुढच्या आठवड्यात ते दगावावेत, या नेहमीच्या अनुभवामागील कारण हे असते. पाणवनस्पतीला नत्र हे खत आहे. अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ती शोषून घेते आणि वाढते. माशाचे विष ते वनस्पतीचे अन्न, अशी ही जोडी आहे.

या जोडीचा पहिला विचारपूर्वक प्रयोग सोनमाशांवरच झाला, हे ऐकून आपणांस मौज वाटेल. लंडनच्या ॲपोथेकरीज हॉलमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका मोठ्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची वनस्पती ठेवली. काही काळाने जुनी पाने कुजून पाणी गढुळले. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी निवळले. १८५० साली त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा असा तोल साधला की पाणी बदलायलाच नको, हा लाडका समज तेव्हापासून हौशी मंडळींत रुजला. वॉरिंग्टन यांच्या पात्रात लहानसे दोनच मासे होते, हा तपशील मात्र पुष्कळांच्या ध्यानातून निसटतो.

आपण घरच्या टाकीचा ढोबळ हिशेब करू. दोनतीन मध्यम माशांना रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य घातले आणि त्यात ३५ टक्के प्रथिने असली, तर प्रथिनांच्या सुमारे १६ टक्के नत्र धरून रोज ५६ मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळजवळ १.७ ग्रॅम नत्र टाकीत येतो. त्यातील चौथाई माशाच्या अंगी लागला असे समजू. उरला सव्वा ग्रॅम. वाळलेल्या पाणवनस्पतीत शेकडा तीनच्या आसपास नत्र धरला आणि ओल्या वनस्पतीत नऊदशांश पाणीच असते हे लक्षात घेतले, तर सव्वा ग्रॅम नत्र उचलण्यासाठी महिन्याला चारशे ग्रॅमहून अधिक नवी हिरवी वाढ व्हावी लागेल. बाजारातील मेथीची मोठी जुडी डोळ्यांसमोर आणा. तेवढे पीक दरमहा टाकीत आले पाहिजे, आणि येऊन तेथेच राहता कामा नये, छाटून बाहेर काढले पाहिजे. कारण पान टाकीत कुजले तर उचललेला नत्र परत पाण्यात येतो. गोगलगायीने ते खाल्ले, तरी विष्ठेतून तो पाण्यातच. चार शोभेच्या रोपांना हे पेलणारे नाही. म्हणून दर आठवड्याला चौथाई पाणी बदलणे चुकत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे, आणि टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. झाडे आशीर्वाद देतील.

येथवर वनस्पतीच्या गुणांची चर्चा झाली. पण सोनमाशाला तिच्याविषयी काय वाटते? त्याला ती कोशिंबीर वाटते. सोनमासा कार्पच्या कुळातला. त्याला जठर नाही, त्यामुळे थोडे थोडे सतत खात राहणे हा त्याचा धर्म. घशातील दातांनी तो कोवळी पाने सहज रगडतो. त्यातच तळ उकरण्याची खोड. वाळू तोंडात घ्यायची, चाळायची आणि थुंकायची. सकाळी लावलेले रोप संध्याकाळी तरंगताना दिसते ते यामुळे. यात माशाचा दोष नाही. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी त्याचे रंग माणसाने निवडले, स्वभाव मात्र तळ्यातलाच राहिला.

यावर आम्ही केलेली तजवीज सांगतो. जावा फर्न आणि अनुबियास या दोन वनस्पतींची पाने चिवट असतात, मासे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि त्यांना मंद उजेड चालतो. त्या वाळूत पुरू नयेत. त्यांचा आडवा खोडकंद गाडला तर सडतो. सुती दोऱ्याने दगडाला बांधाव्यात. दोरा कुजेपर्यंत मुळे दगडाला धरतात. व्हॅलिस्नेरिया लावायची तर मातीच्या बिनझिलईच्या कुंडीत लावून वर सुपारीएवढे गोटे दाबावेत, आणि मासे सोडण्याआधी तिला महिनादीड महिना मुळे धरू द्यावी. दिवा आठनऊ तास पुरे. टाकी उन्हात ठेवली तर पाणी तापते आणि वनस्पतीआधी शेवाळच माजते.

आपल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत भेटणारी हायड्रिला सोनमासे आवडीने खातात. ती आम्ही निराळ्या बादलीत वाढवितो आणि चारा म्हणून मूठमूठ घालतो. तळ्यातील वनस्पती मात्र आणल्याबरोबर टाकीत टाकू नये. तिच्याबरोबर माशांवरचे परजीवी येतात. दोनतीन आठवडे तिला एकटीला वेगळ्या पाण्यात ठेवावे.

आणखी एक उपाय आपल्या घरी खिडकीतल्या बाटलीत आधीच वाढत असेल. तो म्हणजे मनीप्लांट. त्याची मुळे टाकीत सोडावीत आणि पाने पाण्याबाहेर राहू द्यावीत. मुळे पाण्यातील नत्र उचलतात, आणि पाने श्वास घेतात ती खोलीतल्या हवेत. त्यामुळे पाण्यातील प्राणवायूवर त्यांचा भार पडत नाही. शिवाय त्याची वाढ जोमदार आणि छाटणी सोपी. हिशेबाच्या दृष्टीने इतका सरळ भागीदार दुसरा नाही.

छाटलेली पाणवनस्पती टाकायची कोठे, हेही सांगितले पाहिजे. ओढ्यात किंवा तलावात ती कधीही टाकू नये. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने देशोदेशी गेली, आणि आज पुणेकरांना मुळा-मुठेच्या पात्रात तिचे गालिचे पाहावे लागतात. आपल्याकडची साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपालनाच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील तळी तिने गुदमरविली. टाकीत नत्र शोषणारी जी वाढ आपल्याला हवी असते, तीच वाढ मोकळ्या पाण्यात आवरत नाही. छाटणी उन्हात कडकडीत वाळवावी आणि कुंडीच्या खतात घालावी. नकोसा झालेला मासाही नदीत सोडू नये. दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

आमच्या त्या टाकीत आता तीनच सोनमासे आहेत. दगडांवर जावा फर्न आहे, कडेने मनीप्लांटची मुळे लोंबतात, आणि माळ्यावरचा पंप पुन्हा खाली आला आहे. तो जाड स्पंजाच्या तुकड्यावर ठेवला, तेव्हा त्याची घरघर निम्म्याहून कमी झाली. एवढी साधी गोष्ट त्या चैत्रात सुचली असती, तर तीन जीव वाचले असते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी उद्या दुपारचे बुडबुडे पाहून समाधान मानू नये. एकदा पहाटे, दिवा लावण्यापूर्वी, मासे कोठे आहेत ते पाहावे. ते तळाशी किंवा मध्यावर शांत असतील, तर जमाखर्च बरोबर आहे. पाण्यावर तोंडे काढून असतील, तर त्याच दिवशी मासे कमी करावेत, पाणी हलते करावे, आणि गरज पडल्यास हिरवळही विरळ करावी.