घरगुती बिअर : भांड्यांची व बाटल्यांची शुद्धी

घरी बिअर तयार करणाऱ्यास इंग्लंडमध्ये १८८० पासून सरकारी परवाना घ्यावा लागत असे. हे बंधन १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्या अंदाजपत्रकाने दूर झाले. अमेरिकेत अशीच मोकळीक देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केली. तेव्हापासून या दोन्ही देशांत हा उद्योग हौसेखातर करणाऱ्यांचा एक मोठा वर्गच निर्माण झाला आहे. (भारतात हा विषय राज्यांच्या अबकारी कायद्यांच्या कक्षेत येतो, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.) या हौशी मंडळींचा पुष्कळसा वेळ बिअर करण्यात नव्हे, तर भांडी धुण्यात जातो. नवशिक्यास हे काम कंटाळवाणे वाटते व तो त्यात काटकसर करू पाहतो. त्याचे फळ त्याला तीन-चार आठवड्यांनी, बाटली उघडताना मिळते.

सातूला मोड आणून तो वाळविला म्हणजे त्यास माल्ट म्हणतात. भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवून जो गोड काढा निघतो तो वर्ट होय. वर्टमध्ये हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले टाकून तो सुमारे तासभर उकळतात. या उकळीत बिअर नासविणारे जंतू जिवंत राहत नाहीत. परंतु नंतर वर्ट २० अंश सेल्सिअसच्या आसपास निववून त्यात यीस्ट मिसळावे लागते, आणि हे यीस्ट जोर धरण्यास काही तासांपासून एक दिवसापर्यंतचा अवधी घेते. एवढ्या काळात साखरेने भरलेला तो द्रव नांगरून ठेवलेल्या परंतु बी न पेरलेल्या शेतासारखा असतो. तोटीच्या आट्यात, रबरी नळीच्या आतल्या बाजूस अथवा झाकणाच्या कडेला दडून बसलेला कोणताही जंतू तेथे प्रथम पाय रोवू शकतो.

यीस्टचा अंमल बसल्यावर चित्र बदलते. द्रव आंबट होतो, त्यात मद्यार्क उतरतो, हॉपचा कडू अंशही अनेक जंतूंस मानवत नाही. यामुळे मनुष्यास रोग देणारे जंतू तयार बिअरमध्ये सहसा वाढत नाहीत. अस्वच्छ भांड्यातील बिअरने पिणारा आजारी पडेल ही भीती म्हणूनच बहुधा अनाठायी असते. नासते ती बिअर. दुग्धाम्ल तयार करणारे जंतू तिला आंबट करतात, त्यांच्यातील काही जाती तिला लोण्याचा वास आणतात, आणि हवा मिळाल्यास दुसरे जंतू मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करतात.

ही गोष्ट मोठमोठ्या कारखानदारांनाही फार काळ ठाऊक नव्हती. १८७१ साली लुई पाश्चर यांनी लंडनमधील व्हिटब्रेडच्या कारखान्यास भेट दिली व तेथील यीस्टचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात परके जंतू मिसळले असल्याचे चालकांच्या निदर्शनास आणले. बिअरवरील आपला ग्रंथ त्यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी असे दाखवून दिले की, केवळ जंतूच नव्हे, तर रानटी जातीचे यीस्टदेखील बिअर बिघडविते. १८८३ मध्ये त्यांनी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. बाटल्यांच्या प्रकरणात या रानटी यीस्टची पुन्हा गाठ पडेल.

आता मुख्य मुद्दा. मळ काढणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांचा क्रम उलटा करता येत नाही. भांड्याला चिकटलेल्या वाळक्या फेसाच्या थराखाली जंतू सुरक्षित असतात. जंतुनाशक द्रव वरूनच निघून जातो. इतकेच नव्हे, तर क्लोरिन व आयोडिनसारखी द्रव्ये त्या मळाशीच संयोग पावून खर्ची पडतात. दह्याचे भांडे नुसते विसळून त्यात दूध ओतणाऱ्या गृहिणीस या सिद्धांताचा प्रत्यय सकाळी येतोच.

मळ काढण्यासाठी सोडियम परकार्बोनेट हे घरगुती वापरास उत्तम. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड व धुण्याचा सोडा असे दोन्ही पदार्थ मोकळे होतात आणि वाळलेला थर आपोआप सुटतो. नुसता धुण्याचा सोडाही चालतो, मात्र जड पाण्यात त्याने काचेवर पांढुरकी साय धरते. ती सायट्रिक आम्लाने जाते. कारखान्यांतून कॉस्टिक सोडा वापरतात. तो कातडी व डोळे जाळतो आणि अॅल्युमिनियमची भांडी खातो, तेव्हा घरी त्याच्या वाटेस न जाणे बरे. प्लॅस्टिकचे पिंप काथ्याने अथवा तारेच्या घासणीने कधीही घासू नये, कारण प्रत्येक ओरखडा जंतूंचे घर बनतो. तोटी मात्र दर खेपेस पूर्ण खोलून धुवावी. बहुतेक चुका येथेच होतात.

यानंतर जंतुनाशन. येथे संपूर्ण निर्जंतुकता अभिप्रेत नाही. ती दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर साधते. घरी जंतूंची संख्या इतकी खाली आणावयाची असते की, यीस्टने त्यांच्यावर सहज मात करावी. कपडे शुभ्र करण्याच्या क्लोरिनयुक्त द्रावाने हे काम स्वस्तात होते, पण तो नीट धुऊन न काढल्यास बिअरमधील द्रव्यांशी संयोग होऊन दवाखान्याची आठवण करून देणारी चव येते. हा द्राव कोणत्याही आम्लात मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. आयोडिनयुक्त द्राव दशलक्ष भागांत १२.५ भाग आयोडिन या प्रमाणात दोन मिनिटे पुरतो व निथळून घेतल्यास पुन्हा धुवावा लागत नाही. त्याचा तपकिरी रंग उडाला की त्याची शक्तीही गेली असे समजावे. फॉस्फोरिक आम्लाचा फेसाळ द्रावही असाच सोयीचा आहे. जुने इंग्रज हौशी सोडियम मेटाबायसल्फाइटवर फार विसंबत. परंतु त्याने जंतू मरण्यापेक्षा दबून राहतात, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

बाटल्यांची कथा निराळी आहे. बिअर ओतून घेताच बाटली तीन वेळा पाण्याने खळखळून उलटी ठेवली, तर पुढचे काम निम्म्याने हलके होते. तळाशी गाळ वाळला, की तासन् तास भिजविणे व लांब दांड्याचा ब्रश यांवाचून गत्यंतर नसते. धुतलेली प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून पाहावी. मानेभोवती पुसटसे कडे दिसले आणि ते निघत नसेल, तर ती बाटली बाद करावी. तोंडाशी टवका उडालेलीही तशीच. थंड काचेत उकळते पाणी एकदम ओतल्यास ती तडकते. पत्र्याची बुचे दर वेळी नवी घ्यावीत.

एवढी दक्षता कशासाठी? बाटलीत भरताना बिअरमध्ये मोजून थोडी साखर घालतात. उरलेले यीस्ट तिचा कार्बन डायऑक्साइड वायू करते व तेवढ्यावर थांबते, कारण माल्टमधील काही जड शर्करा त्यास पचत नाहीत. रानटी यीस्टच्या कित्येक जातींना मात्र त्या पचतात. अशा यीस्टचे चार कण जरी बाटलीच्या कड्यात राहिले, तरी वायू आठवडेच्या आठवडे वाढत जातो आणि अखेर काच फुटते. तिचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांप्रमाणे उडतात व अशा स्फोटांत डोळ्यांस गंभीर इजा होऊ शकते.

साखर योग्य मोजली असूनही पहिलीच बाटली उघडताना फेस कारंज्यासारखा उसळला, तर त्या खेपेच्या सर्व बाटल्यांचा संशय धरावा. डोळ्यांवर जाड चष्मा व हातांत मोजे घालून, जाड कापडाने झाकूनच त्यांना हात लावावा. त्या थंड जागी हलवाव्यात, म्हणजे वायूचा दाब उतरतो. पुरत्या गार झाल्यावर एकेक बूच सैल करावे आणि बिअर ओतून द्यावी. ज्या नळीतून ती भरली ती नळी टाकून देऊन नवी आणावी. जुन्या नळीचा आतला भाग डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रशही तेथवर पोहोचत नाही.