गणितातला पंक्तिप्रपंच

आमटी आळणी झाली तर मराठी माणूस एक वेळ मुकाट्याने जेवून उठेल. पण शेजारच्या पानात दोन जिलब्या आणि आपल्या पानात एकच पडली, तर ती गोष्ट तो वीस वर्षे विसरणार नाही. वाढण्यातल्या या आपपरभावाला आपल्या भाषेने ‘पंक्तिप्रपंच’ असा खास शब्द दिला आहे. जेवणाच्या बाबतीत इतके जागरूक असलेले आपण, घरातले मूल वहीत रोज हाच अपराध करीत असते, तिकडे मात्र पाहत नाही. पुढे ते बीजगणितात अडले, की शिकवणीची चौकशी सुरू होते!

मराठी शिकवणाऱ्याने गणिताच्या गावाला कशाला जावे, असे कुणी विचारील. पण ज्या वळणावर मुलांची गाडी अडते, ते वळण गणिताइतकेच भाषेचेही आहे.

३(क + ४) हे लेखन घ्या. कंस ही पंगत, क आणि ४ ही पानावर बसलेली मंडळी, आणि बाहेरचा ३ हा वाढपी. त्याने क ला वाढायचे, तसेच ४ लाही वाढायचे. उत्तर ३क + १२. मूल लिहिते ३क + ४. म्हणजे वाढपी पहिल्या पानाशी वाकला आणि तसाच स्वयंपाकघरात परतला. दुसरा पाहुणा उपाशी! शाळेच्या पुस्तकातला वितरणाचा नियम तो एवढाच : पंगतीतल्या प्रत्येकाला वाढा.

भाषेत हे आपण न शिकवता करतो. ‘आईवडिलांना नमस्कार’ असे पत्रात लिहिले, तर प्रत्यय दिसतो वडिलांच्या पाठीशी. पण नमस्कार आईलाही पोचतो. द्वंद्व समासाच्या टोकाला आलेले पद समासातल्या प्रत्येकाशी जोडायचे, असा संस्कृत वैयाकरणांचा संकेतच आहे. समास म्हणजे भाषेतला कंस, दुसरे काय?

आणि व्यवहारात? १९८ रुपयांचे सात आकाशकंदील घेताना एखाद्या गृहिणीला कागद लागत नाही. सात दोनशे चौदाशे, त्यांतून प्रत्येकी दोन असे चौदा गेले, राहिले १३८६. हिशेब चोख करून वर ती म्हणते, “मला मेलीला कुठलं आलंय गणित!” शेजारी उभी असलेली तिची मुलगी ते ऐकते आणि खरे मानते. वास्तविक आईने ७(२०० − २) हा कंस सोडवलेला असतो. पूर्वी पाठ होणाऱ्या सवायकी-पाऊणकीतही हेच बीज होते. सोळाच्या सव्वापट म्हणजे १६ आणि ४, वीस. चोविसाची पाऊणपट म्हणजे २४ वजा ६, अठरा.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणायला सांगितले आणि वाटा अनेक दाखवल्या. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करा : १०८० आणि ५४०. किंवा दहाने गुणून दुप्पट मिळवा : १३५० आणि २७०. किंवा विसाने गुणून आठपट वजा करा : २७०० उणे १०८०. कोणत्याही वाटेने जा, मुक्काम १६२०! याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. म्हणजे ही विद्या काही परक्या घरची नव्हे.

मोठ्या पंगतीत मात्र जास्त सावध राहावे लागते. (१० + ३) चा वर्ग करताना मुले १०० आणि ९ मिळवून १०९ लिहितात. पण तेराचा वर्ग १६९. मग ६० गेले कुठे? इथे वाढपी दोन, पाहुणेही दोन. दहाने दहाला वाढले, तिनाने तिनाला वाढले. पण दहाने तिनाला आणि तिनाने दहाला वाढायचे राहिले. ते दोन तिसांचे घास म्हणजेच हरवलेले ६०. बीजगणितातला ‘२कख’ तो हाच. त्याला धाकाने पाठ करवून घेतले, की परीक्षेच्या घाईत तो हटकून निसटतो.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे भरताना मुलांना जवळ बसवा. ताटात तीन चकल्या आणि दोन करंज्या, पाहुणे नऊ. एकाने ताटे मोजावीत, पाच नव्वे पंचेचाळीस. दुसऱ्याने डबे मोजावेत, सत्तावीस चकल्या आणि अठरा करंज्या; बेरीज तीच. मग एखाद्याला विचारावे, “काय रे, नऊच करंज्या काढल्या तर?” कोण उपाशी राहिले, ते तो बोट दाखवून सांगेल. त्यानंतर कंस दिसला की त्याला घाम फुटणार नाही. तो आधी पाने मोजील.