विसर्जनानंतरची तिसरी बैठक

आमच्या मंडळात विसर्जनानंतर दोन बैठका व्हायच्या. एक हिशेबाची. खजिनदार पावती पुस्तकं उघडून बसायचे, आम्ही मिसळ खात माना डोलवायचो. दुसरी कट्ट्यावर. कुणामुळे काय बिघडलं ते तिथे ठरायचं, फक्त ज्याचं नाव निघायचं तो हजर नसायचा. चिटणीस झाल्यावर मी तिसरी सुरू केली.

तिथले प्रश्न माझे नाहीत. सरावानंतर अमेरिकी सैन्यात ते विचारले जातात: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. तिथे साध्या शिपायानेही बोलणं अपेक्षित असतं. आमच्याकडे अध्यक्षांसमोर पोरं गप्प. म्हणून मी सर्वांत धाकट्यापासून सुरुवात करते, अध्यक्ष शेवटी. त्यांना ते अजून रुचलेलं नाही.

खरी कसोटी तिसऱ्या प्रश्नाची. एका वर्षी ऐन आरतीत मांडवातले दिवे गेले. सगळ्यांचं बोट वायरमनकडे. पण त्याला लोड सांगितला तेव्हा देखाव्यात कारंजं नव्हतंच. पंप नंतर आला, आणि महाप्रसादवाल्यांनी त्याच लाईनवर मिक्सर लावला. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. वायरमन बदलूनही दिवे गेलेच असते.

बोट माणसाकडे न दाखवता कारण शोधणं मोठ्या मोहिमेतही दिसतं. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. त्याची कारणं २०२३मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला आणि चूक साठत गेली. ती सुधारायला यानाने झपाट्याने वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद. कारणं तीन, त्यात माणसाचं नाव एकही नाही. पुढच्या वेळी जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं.

सगळं नीट पार पडलं की मात्र बैठकीला कुणी फिरकत नाही. गेल्या वर्षी आमची मिरवणूक चक्क वेळेत संपली, मग बसायचं कशाला? मी बसवलंच. ढोलवाली पोरं उशिरा आली होती, ट्रॅक्टर चौकात अडकला होता. कागदावरचं वेळापत्रक केव्हाच कोलमडलं होतं. वेळ सावरली ती पुढच्या मंडळाचं पथक आयत्या वेळी रद्द झालं आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून.

यंदा त्यांचं पथक येणार आहे.