चार तळहातांचा आधार

भेडाघाटला धुवांधार धबधब्यापाशी उभ्या राहिलेल्या प्रवाशाला घर्षणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. नर्मदेच्या तुषारांनी भिजलेल्या खडकावर कडक, गुळगुळीत तळाचा जोडा घसरतो. मऊ रबराचा, खाचांचा तळ त्या मानाने टिकून राहतो. मोटारीच्या टायरचे सारे शास्त्र या साध्या अनुभवात सामावले आहे. हजार-बाराशे किलोंची गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया त्या चार तळहातांच्याच भरवशावर चालतात.

मात्र सर्व भूमीला एकच टायर चालत नाही. जबलपूरला 1969 साली वाहन कारखाना उभा राहिला आणि तेथून सैन्यासाठी ‘शक्तिमान’ मालमोटारी बाहेर पडू लागल्या. चिखलमातीतून वाट काढणाऱ्या अशा गाड्यांना खोल खाचांचे टायर लागतात. शर्यतीच्या मार्गावर गरज नेमकी उलटी असते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा 2011 साली खुल्या झालेल्या ग्रेटर नोएडाच्या 5.125 किलोमीटर लांबीच्या बुद्ध मार्गावर हौशी चालक स्वतःची गाडी घेऊन उतरतो, तेव्हा कोरड्या डांबराला अधिकात अधिक रबर भिडावे लागते. खोल खाचांमधील रबराचे उंच ठोकळे वळणावर लवतात, तापतात आणि प्रसंगी त्यांचे तुकडे उडतात.

टायर निवडताना त्याच्या कडेवरील अक्षरे व आकडे वाचावेत. झिजेचा अंक 200 च्या आसपास असेल तर रबर मऊ, पकड उत्तम, पण आयुष्य थोडे. ‘एच’ हे अक्षर ताशी 210 किलोमीटरची, तर ‘व्ही’ हे 240 किलोमीटरची वेगमर्यादा दर्शविते. निर्मितीच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. जुने रबर कडक होते. त्याच्या शाबूत खाचांवर विसंबू नये.

निवडीइतकेच महत्त्व हवेच्या दाबाला आहे. थंड टायरमध्ये दर चौरस इंचास 32 पौंड हवा असेल आणि ती 40 अंशांनी तापली, तर दाब सुमारे 6 पौंडांनी चढतो. मग टायरचा मध्यभाग फुगतो आणि कडा जमिनीवरून उचलल्या जातात. म्हणून आरंभीचा दाब थोडा कमी ठेवून, काही फेऱ्यांनंतर गाडी थांबताच तो मोजतात. दाब फार कमी झाला तर मात्र टायर कडेवर लोळतो व बाजूची भिंत तापते. याची साधी परीक्षा खडूने होते. टायरच्या खांद्यावर आडवी रेघ ओढावी. तेथील लहान त्रिकोणी खुणेपलीकडे ती पुसली गेली तर हवा कमी, खुणेच्या बरीच अलीकडे शाबूत राहिली तर अधिक समजावी.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. कोरड्या मार्गावर विजयी ठरलेला, झिजून उथळ झालेला टायर पावसाळी रस्त्यावर पाणी बाहेर फेकू शकत नाही. तो पाण्यावर तरंगतो, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. म्हणून मैदान सोडण्यापूर्वी टायर थंड होऊ देऊन हवा पूर्ववत भरावी आणि खाचा मोजाव्यात. त्या 1.6 मिलिमीटरहून कमी असतील, तर रस्त्यासाठी दुसरी चाके चढविणे हेच शहाणपण. मैदानावर चूक झाली तर बहुधा एक फेरी वाया जाते. रस्त्यावर समोरून दुसऱ्याचे कुटुंब येत असते.