जॉर्जियाच्या लाल मातीतली हरळी

अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागांत आता मराठी घरं पुष्कळ झाली आहेत. घरापुढे बिनकुंपणाचं लॉन, आणि एप्रिल लागला की मराठी मंडळाच्या जेवणात पानापानाला त्याच्याच तक्रारी. कुणाचं पिवळं पडलंय, कुणाचं विरलंय. मी आधी एकच विचारतो, तुमचं गवत कुठलं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. इथल्या उन्हातल्या अंगणांत सर्रास दिसणारं बर्म्यूडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. सायनोडॉन डॅक्टिलॉन ही एकच जात, नाहीतर तिचा संकर. हे कळलं की निम्मी चिंता मिटते, कारण हरळीचा स्वभाव आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

माझे वडील, नाना, बारामतीकडचे शेतकरी. ते इथे आले तेव्हा शेजारच्या नव्या घरापुढे ट्रकमधून हिरवळीच्या गुंडाळ्या उतरत होत्या. नानांनी वाकून एक दांडी ओढली, पेरापाशी फुटलेली मुळं नखाने मोकळी केली आणि म्हणाले, "अरे, ही तर हरळी! हिच्या काश्या वेचून आमच्या कमरा गेल्या, आणि हे लोक पैसे देऊन लावतायत?" मग त्यांनीच मला नीट दाखवलं. एक दांडी जमिनीवरून धावते, तिच्या पेरापेराला खाली मुळं, वर पाती. मातीखालची पांढरट, टोकदार काशी वेगळी. शेतकऱ्याला छळणारा हा चिवटपणाच लॉनला हवा असतो. पोरांनी खेळून उघडी पाडलेली जागा हरळी उन्हाळ्यात आपणच भरून काढते. उत्तरेकडचं फेस्क्यू झुपक्यांनी वाढतं. ते विरळ झालं की दर शरदात बी टाकत बसा.

अमेरिकेच्या लॉनचा इतिहास थोडक्यात सांगून मोकळा होतो. इंग्लंडच्या बड्या घरांचा हा शौक. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं, पुढे उपनगरं वाढली आणि हिरवळ घरोघर आली. उपग्रहचित्रांवर आधारलेल्या २००५ च्या एका अभ्यासाने देशभरातलं हे गवत अंदाजे १,६४,००० चौरस किलोमीटर भरतं असं मांडलं. थंड प्रांतांत केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू, दक्षिणेत बर्म्यूडा आणि झॉयशिया.

आता माझ्या आवडीच्या गावी, टिफ्टनला. अटलांटाहून आय-७५ ने दक्षिणेला, कापूस आणि भुईमुगाच्या शेतांमधून तीनेक तास. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाचा शास्त्रज्ञ १९३६ मध्ये रुजू झाला आणि जन्मभर गवतांत रमला. आपली दूर्वा आणि तिची आफ्रिकेतली नाजूक पात्यांची बहीण यांचे संकर त्याने निवडले, पारखले. १९६० मध्ये आलेलं 'टिफवे' त्यातलंच. त्याला बी धरत नाही, म्हणून ते गुंडाळ्यांनी किंवा दांड्यांनीच लावावं लागतं. अथेन्सच्या सॅनफर्ड स्टेडियमवर तेच आणि कमिंगच्या अंगणांतही तेच.

पण मला टिफ्टनला ओढून नेलं ते बाजरीने. याच बर्टनने बाजरीचा नरवंध्य वाण काढला, टिफ्ट २३ए. तो भारताला मिळाला आणि त्यावरून १९६५ मध्ये पंजाबात आपली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार झाली. १९६५ ते १९७० या काळात देशाचं बाजरीचं उत्पादन ३५ लाख टनांवरून ८० लाख टनांवर गेलं. पुढे गोसावी रोगाने या वाणांना झोडपलं, हेही खरं. तरी नगर-नाशिकच्या ताटातली भाकरी आणि अटलांटाचं अंगण एकाच माणसाच्या हातून गेलंय, ही केवढी थोर गोष्ट आहे! मंडळाने त्याच्यावर एक कार्यक्रम करावा असं मी कधीपासून म्हणतोय.

आता निगा. आधी माती. इथली लाल चिकणमाती आम्लधर्मी असते. जिल्ह्याच्या कृषी विस्तार (एक्स्टेन्शन) कचेरीत नमुना देऊन तपासून घ्या आणि अहवालात लिहिला असेल तेवढाच चुना घाला. मार्चमध्ये, हरळी जागी होण्याआधी, वाळलेलं गवत अगदी खाली कापून उचलावं म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचतं. खत मात्र अंगण पुरतं हिरवं झाल्यावर, आणि सप्टेंबरनंतर नाही. उन्हाळ्यात उंची दीड इंच ठेवायची असेल तर गवत सव्वादोन इंचांवर जाऊ देऊ नका. एकदा ते वाढलं की पाती फक्त वर राहतात, खाली नुसत्या दांड्या. मग कापलं की अंगण तपकिरी दिसतं. पातं धारदार हवं. बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं, टोकं पांढरी पडतात. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, त्यातला नायट्रोजन मातीलाच मिळतो.

पाणी आठवड्याला पावसासकट एक इंच, तेही एकदोनदाच, खोलवर. अंगणात ट्यूना माशाचे चारदोन रिकामे डबे ठेवा, इंचभर भरले की नळ बंद. जॉर्जियाच्या २०१० च्या कायद्याने लॉनला पाणी दुपारी ४ ते सकाळी १० या वेळातच देता येतं. पहाटेची वेळ उत्तम. रोज शिंपडत राहिलात तर लव्हाळा येणारच. त्याची दांडी बोटांत फिरवली की तिधारी लागते. नुसता उपटला तर गाठी खाली राहतात आणि तो पुन्हा वर येतो.

तणनाशक मारलेल्या लॉनवरच्या दूर्वा देवाला वाहू नयेत, असं माझं ठाम मत आहे. गणपतीच्या एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी मागच्या अंगणात एक कोपरा बिनफवारणीचा राखा. पहिल्या हिमानंतर हरळी तपकिरी होते ती झोपल्यामुळे, मेल्यामुळे नव्हे, म्हणून घाबरून खत घालू नका. आणि ओकच्या झाडाखाली ती लावायचा हट्ट सोडा. हिला दिवसाचं सहा-आठ तास ऊन लागतं. सावलीत पाइनच्या सुया पसराव्यात. त्यांचे गठ्ठे इथल्या प्रत्येक रोपवाटिकेत मिळतात.